उलटी प्रदक्षिणा

बोन धर्मात प्रदक्षिणा उलटी घालतात हे मला कळलं, तो दिवस भालकीकरांच्या दृष्टीने वाईट गेला. आधी मी वाचनालयात शेजारी बसलेल्याला सांगितलं, मग वाचनालय उघडणाऱ्याला, मग चहावाल्याला. संध्याकाळपर्यंत बसस्टँडच्या अंगाला असलेल्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक झालं होतं की हिमाचलात सोलनजवळ दोलांजी नावाचं गाव आहे, तिथे मेनरी नावाचा मठ आहे आणि त्या मठाभोवती माणसं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बुद्धधर्म तिबेटात पोचायच्या आधीपासून आम्ही आहोत, असं बोन परंपरा सांगते. त्यांचा आद्यगुरू तोन्पा शेनराब. त्यांचं स्वस्तिक डावीकडे वळतं. बौद्ध तिबेटी ‘ॐ मणि पद्मे हूं’ म्हणतात, हे ‘ॐ मात्रि मुये सले दु’ म्हणतात. तिबेटातला मूळ मेनरी १४०५ सालचा. १९५९ नंतर माणसं इकडे आली, १९६७ मध्ये दोलांजीला जमीन मिळाली आणि तिथे मठ पुन्हा उभा राहिला.

“म्हणजे देव डाव्या हाताला ठेवायचा?” कट्ट्यावरच्या एकाने विचारलं.

“डाव्या हाताला.”

“मग घरीबी तसंच हाय की. सोपं हाय,” असं म्हणून तो भाजी घ्यायला गेला.

बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून निवृत्त झालेल्या माणसाला आपलं म्हणून काहीतरी लागतं. कुणाला मधुमेह सापडतो, कुणाला शेअरबाजार. मला बोन सापडला. मी दोलांजीला जायचं ठरवलं. कलबुर्गीहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून कालका, कालक्याहून ती छोटी गाडी सोलनपर्यंत, पुढे जीप. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बँकेत दोन रेघा मारल्या की हिशेब जुळला असं समजायचे.

सराव म्हणून सकाळचं फिरणं उलटं सुरू केलं. मैदानावर आमच्याकडे सगळी मंडळी एकाच दिशेने फिरतात. सरळ फिरताना पुढच्याची पाठ दिसते, मागचा दिसत नाही, आणि समाज टिकून राहतो. उलटं फिरणाऱ्याला प्रत्येक फेरीत प्रत्येक जण समोरून भेटतो. पहिल्या फेरीला नमस्कार होतो, दुसऱ्या फेरीला हसू, तिसऱ्या फेरीला दोघंही चप्पल बघत पुढे जातात. ज्याची माझ्याकडे थोडी उधारी होती तो किराणावाला इतकी वर्षं माझ्या मागून चालत होता. आता तो दर फेरीला तोंडासमोर येऊ लागला. आठवड्याच्या आत उधारी चुकती झाली. बोन धर्माचा मला आजवर झालेला रोकडा फायदा एवढाच.

थंडीची तयारी राहिली होती. हिवाळ्यात कलबुर्गीत तिबेटी स्वेटरवाले येतात. एका दुकानात पन्नाशीतली बाई बसली होती. मी हिंदीतून सुरुवात केली. तिबेटचा इतिहास, बोन आणि बौद्ध यांतला फरक, प्रदक्षिणेची दिशा, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “याव कलर बेकरी?”

कानडी माझ्यापेक्षा चांगली! ती मुंडगोडची निघाली. १९६६ पासून तिथे तिबेट्यांची वसाहत आहे. म्हणजे तिबेट मला हिमालयात शोधायचा होता आणि तो आमच्याच कर्नाटकात माझ्यापेक्षा शुद्ध कानडी बोलत बसला होता. माझी कानडी बाजारापुरती: भाव विचारता येतो, उत्तर समजत नाही. मी मान डोलावत राहिलो आणि त्या मान डोलावण्यातून माझ्या मापापेक्षा दोन नंबर मोठा, गळ्यापाशी याकची चित्रं असलेला, गडद लाल स्वेटर माझ्या पिशवीत आला.

तिकीट वेटिंगवर होतं. ते हलेना. इकडे उमरग्याहून अक्का आली.

अक्का म्हणजे माझी थोरली चुलतबहीण. तिने दारातच स्वेटर पाहिला.

“कुठं जाऊलालास?”

“हिमालयात. एक मठ आहे—”

“कुळाच्या देवीला जाऊन किती वर्षं झाली?”

या प्रश्नाला आमच्या घराण्यात उत्तर नाही. आमची कुलस्वामिनी सन्नतीची चंद्रलांबा. कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी. अर्ध्या महाराष्ट्रातली घराणी तिथे ओटी भरायला येतात आणि आम्ही काही तासांच्या अंतरावर राहून ‘जाऊ की, जवळच आहे’ म्हणत पिढी काढली. अक्काने स्वयंपाकघरात जाऊन हिच्याशी दोन मिनिटं बोलणं केलं. बाहेर आली तेव्हा क्रूझर ठरली होती, माझं तिकीट रद्द झालं होतं आणि रद्द केल्यावर किती पैसे कापतात याचीही चौकशी झाली होती.

“मठच बघायचाय ना?” ही म्हणाली. “कलबुर्गीत बुद्धविहार आहे. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २००९ साली उद्घाटनाला आल्या होत्या. ते तरी कधी बघितलंत?”

बघितला नव्हता. पण तेवढ्याने नमणारा मी नव्हे. सन्नतीच्या जवळच कनगनहळ्ळीला सातवाहनांच्या काळातला महास्तूप आहे हे मला वाचून माहीत होतं. स्तूप म्हटला की प्रदक्षिणा आलीच. दोलांजी नाही तर कनगनहळ्ळी. मनातल्या मनात मी पुन्हा दोन रेघा मारल्या.

जानेवारीतली पहाट होती. भालकीत त्या वेळी बऱ्यापैकी गारठा असतो. स्वेटरचे पैसे वसूल करायचे म्हणून मी तो घातला, आणि इतका जाड स्वेटर आहे तर खाली शर्ट कशाला, असा शास्त्रीय विचार करून नुसत्या बनियनवर घातला. बनियनबद्दल इथे अधिक लिहीत नाही. ती जुनी होती आणि तिच्यातून हवा चांगली जात असे.

हुमनाबादला अक्काने माणिकप्रभूंना गाडीतूनच हात जोडले. कलबुर्गी सोडेपर्यंत ऊन चढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, काही कापणी झालेली, काही उभी. शहाबादच्या अलीकडे खाणी दिसायला लागल्या. मोठाल्या खड्ड्यांच्या काठाला करड्या फरश्या एकावर एक रचलेल्या. महाराष्ट्रातल्या ज्या ज्या घरात बालपणी आपण उघड्या अंगाने गार फरशीवर झोपलो, त्यातल्या निम्म्या घरांची फरशी याच गावाचं नाव लावते. स्तूपही इथल्याच चुनखडीच्या दगडाचा. म्हणजे ज्या जातीच्या दगडावर आमची आई पोळपाट नसला की भाकरी थापायची, त्याच जातीच्या दगडावर कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी राजे कोरले. हे मी गाडीत सांगितलं. अक्का म्हणाली, “आई कधीच फरशीवर भाकरी थापत नव्हती. काटवटीत थापायची.” विषय संपला.

पण गप्प बसणं मला जमत नाही. मी अशोकाकडे वळलो. सन्नतीची ही गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे, आणि मी सांगितली म्हणून ती वाईट होत नाही. चंद्रलांबेच्या आवारातल्या कालीच्या देवळाचं छत १९८६ मध्ये कोसळलं. मूर्ती भंगली. राडारोडा उपसताना मूर्तीखालच्या पीठाचा दगड वर आला आणि त्यावर ब्राह्मी अक्षरं निघाली. एका नव्हे, दोन्ही अंगांना. अशोकाचे लेख. मूर्तीची खुंटी बसवायला कुण्या काळच्या गवंड्याने दगडाला मधोमध भोक पाडलं होतं, त्यात काही अक्षरं गेली. बाराव्या आणि चौदाव्या शिलालेखाचे भाग एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ते दोन स्वतंत्र लेख, जे एरवी थेट कलिंगात, धौली आणि जौगडला सापडतात. शेकडो वर्षं माणसं कालीपुढे डोकं टेकत होती आणि खाली अशोक आडवा पडून सगळ्यांचे नवस ऐकत होता.

“काय लिहिलंय त्याच्यावर?” ड्रायव्हरने विचारलं. गाडीतला तो एकटाच ऐकत होता. त्याला पळून जाता येत नव्हतं.

“बाराव्या लेखात म्हणतो, सगळ्या पंथांचा मान ठेवा. आपल्याच पंथाची फुशारकी मारू नका, दुसऱ्याला नावं ठेवू नका. मुख्य म्हणजे जिभेला आवर घाला.”

“ऐकतेस का गं,” अक्का हिला म्हणाली, “जिभेला आवर घाला म्हणालाय.” पुढे सन्नती येईपर्यंत गाडीत शांतता होती.

तो दगड बघायचा माझा बेत देवळात पाऊल टाकताच बारगळला. ओटीचं सामान माझ्याकडे, नारळ माझ्याकडे, चपला सांभाळायच्या माझ्याकडे. पुरुषांनी अंगातलं काढून आत यावं, असं पुढच्याला सांगितलेलं मी ऐकलं आणि बनियन आठवून रांगेतून बाहेर आलो. हिने खूण केली: काढा की. मी खूण केली: नाही. तिने खूण केली: का? या ‘का’ला खुणेने देता येईल असं उत्तर नव्हतं. शेवटी मी मंडपातूनच कुलस्वामिनीला नमस्कार केला. इतक्या वर्षांनी आलो आणि घामाने निथळत, गळ्याभोवती याक घेऊन उभा राहिलो. देवीने ओळखलं असेल का, शंका आहे. पुजाऱ्यांनी मला नेपाळचा समजून हिंदीत प्रसाद दिला.

कुळाचार उरकेपर्यंत दुपार झाली. अशोकाचा दगड कुठे ठेवलाय हे मी विचारायला तोंड उघडलं तेव्हा अक्का म्हणाली, “देवीपुढं उभं राहून दुसऱ्याची चौकशी करू नये.” भीमेच्या काठी भाकरी, शेंगाचटणी आणि दही झालं. मग मी हट्टच धरला आणि क्रूझर कनगनहळ्ळीकडे वळली. दोन-तीन किलोमीटरसुद्धा आहे की नाही.

शेतांच्या मध्ये स्तूप. वरचा घुमट कधीच ढासळलेला. उरलंय ते गोल जोतं आणि भोवती ओळीने मांडलेल्या कोरीव फरश्या. १९९४ नंतर पुरातत्त्व खात्याने इथे खोदकाम केलं तेव्हा हे सगळं मातीखालून वर आलं. लेखांत याचं नाव आहे अधोलोक महाचैत्य. फरशीफरशीवर जातककथा, बोधिवृक्ष, पावलं, चक्र, रिकामं सिंहासन. आणि खाली ब्राह्मीत नावं, शाळेत मुलांच्या डब्यावर घालतात तशी. सिमुक, शातकर्णी, पुळुमावी. पैठणचे आमचे राजे इथे भीमेकाठी येऊन दगडात उभे राहिलेत. एका फरशीवर राजा आणि राणी, मागे चवरी-छत्र धरलेल्या बायका, आणि वर दोन शब्द: राय असोको. अशोकाचं नाव घालून काढलेलं असं शिल्प पाहायला जगभरातले अभ्यासक इथे येतात.

कुठल्याशा गावच्या शाळेची सहल आली होती. चाळीसेक पोरं, निळे गणवेश, पुढे शिट्टीवाले मास्तर. ती रांगेने स्तूपाभोवती फिरत होती. सरळ.

आता कुणीही सांगेल की हा बौद्ध स्तूप आहे, बौद्ध सरळच प्रदक्षिणा घालतात, बोनचा इथे काहीएक संबंध नाही. मला तर हे सगळ्यांत चांगलं माहीत होतं, महिनाभर मीच सांगत होतो. पण एवढा सराव, एवढा स्वेटर, आणि समोर खराखुरा गोल स्तूप. पाय आपोआप उजवीकडे वळले. स्तूप डाव्या हाताला ठेवला, ओठांवर ‘ॐ मात्रि मुये’ आणलं आणि निघालो.

“अज्जारे!” झाडाखाली बसलेला रखवालदार ओरडला. “उल्टा होंटीरी!”

मी हात वर करून त्याला आश्वस्त केलं: माहीत आहे, मुद्दाम आहे. पहिल्या वळणावर पोरांच्या रांगेचं टोक समोर आलं. चाळीस पोरांनी एकेक करून “नमस्कारा सर” म्हटलं. चाळीसांना उत्तर दिलं. अर्ध्या फेरीनंतर पुन्हा तीच रांग, पुन्हा नमस्कारा सर. मैदानावरचे भालकीकर निदान तिसऱ्या फेरीला थांबत. पोरं थांबायला तयार नव्हती. तिसऱ्या भेटीला रांगेतली शेवटची चार-पाच कार्टी गर्रकन वळली आणि माझ्या मागे लागली. पुढच्या वळणावर दहा झाली. बघता बघता अर्धी शाळा सरळ आणि अर्धी शाळा माझ्या मागे उलटी, ‘ॐ मात्रि’चं काहीतरी ‘वमात्री वमात्री’ करून किंचाळत. पश्चिमेच्या अंगाला दोन्ही संप्रदायांची टक्कर झाली. पाण्याच्या बाटल्या सांडल्या, एकीची वेणी दुसरीच्या दप्तराच्या चेनमध्ये अडकली. मास्तरांची शिट्टी सुरू झाली ती थांबेचना.

हा बाका प्रसंग सावरायला मी विद्वत्तेचा आधार घेतला. जवळच्या फरशीवर एक राजा हातातल्या भांड्यातून काहीतरी ओतताना दिसत होता. “मुलांनो,” मी हात पसरून म्हणालो, “हा सम्राट अशोक. तहानलेल्या प्रजेला पाणी पाजतो आहे.”

पोरं फरशीकडे बघायला लागली. मग रखवालदाराकडे बघायला लागली. तो उठून आला, धोतराचा सोगा झटकला आणि बोटाने दुसरी फरशी दाखवली. “अशोका अल्ल्यानरी. इव शातकर्णी.” शातकर्णी महाचैत्याला चांदीची कमळं अर्पण करतोय, असं त्या फरशीवरच लिहिलेलं आहे. म्हणजे मी पैठणच्या आमच्याच राजाला ओळखलं नाही, त्याच्या चांदीच्या कमळांचं पाणी केलं आणि वर त्याला मगधाला पाठवून दिलं.

मास्तर पोरांना पुन्हा रांगेत लावत होते. मी हिच्याजवळ जाऊन, आवाज फार खाली न आणता, मराठीत म्हणालो, “या मास्तरला स्वतःला काही येत नसणार. नुसती शिट्टी वाजवतोय. याला काय कळतंय बोन आणि बौद्ध!”

मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली.

“नाही कळत सर,” ते म्हणाले. “मी आळंदचा. घरी मराठीच बोलतो आम्ही. पण आमच्या वडिलांनी आम्हाला सरळ प्रदक्षिणा शिकवली, म्हणून तेवढंच येतं.”

सीमेवर आयुष्य काढलेल्या माणसाने एवढं तरी शिकायला हवं होतं की इथे ज्याच्याविषयी बोलायचं त्याला ती भाषा येत नाही, असा माणूस सापडत नाही. ही माझ्यापासून चार पावलं दूर जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती सहलीसोबत आली आहे असं लोकांना वाटत होतं.

मास्तर सज्जन होते. विषय बदलायला म्हणाले, “सर, तुम्ही एवढं लांबून आलात, पोरांना चार शब्द सांगा. मी कानडीत सांगतो.” मी सुरुवात केली. तिबेटपासून. पाच-सहा वाक्यांनंतर थांबलो, तेव्हा मास्तर पोरांना दोन शब्द म्हणाले आणि सगळी पोरं खळखळून हसली. ते दोन शब्द कोणते, मी विचारलं नाही.

मग अक्का पुढे झाली. अक्काचं आजोळ चिंचोळीकडचं, तिची कानडी फर्मास. तिने पदर खोचला, फरशीच्या सावलीत बसकण मारली आणि चंद्रलांबेची कथा लावली. सेतुराजाने नारायणमुनींची बायको चंद्रवदना पळवली. मुनी हिंगुळादेवीला शरण गेले. देवी म्हणाली, येते तुझ्यामागून, पण वळून बघायचं नाही. पुढे मुनी, मागे देवीच्या पैंजणांचा आवाज. होनगुंट्याला आवाज थांबला. मुनींनी वळून बघितलं. देवी तिथेच राहिली, आणि तिच्याकडून आलेल्या भुंग्यांनी राजाची फजिती केली. भुंग्यांच्या जागी अक्काने तोंडाने असा आवाज काढला की पुढची दोन पोरं कान झाकून मागे सरकली.

“अक्का, हिंगुळा म्हणजे बलुचिस्तानातली हिंगलाज—” मी म्हणालो.

“श्श्श!” चाळीस पोरांनी एकदम केलं. त्यात रखवालदारही होता.

मी बाजूला झालो. ऊन माथ्यावर, स्वेटरच्या आत भाजून निघालेलो. सावलीसाठी इकडेतिकडे बघितलं तर शाळेची बस झाडाखाली उभी होती, दार उघडं. आत शिरलो, मागच्या बाकावर खिडकीशी बसलो आणि कुणी नाही असं बघून स्वेटर डोक्यावरून काढला. वारा लागला. डोळा कधी लागला समजलं नाही.

जाग आली ती बस हलल्यावर. भोवती सगळीकडे निळे गणवेश. शेजारचा मुलगा चिक्की खात माझ्या बनियनमधल्या सर्वांत मोठ्या भोकाकडे अभ्यासपूर्वक बघत होता. पुढे मास्तर बोटाने डोकी मोजत येत होते. शेवटच्या बाकापाशी येऊन थांबले, परत पुढे गेले, पुन्हा मोजत आले. एक जास्त भरत होता.

“सर,” ते शेवटी म्हणाले, “तुमची गाडी ती.”

बाहेर क्रूझर सुरू होऊन उभी होती. खिडकीतून अक्काचं डोकं बाहेर आलं.

“राहू द्या मास्तर,” ती ओरडली, “न्या त्याला. पाचवीपासून इतिहास परत होऊ दे!”